फीलर्सला मराठीत काय म्हणायचं? कीटकाचे आणि माणसाचे, दोन्ही

निळीशाई
सध्या एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडकलेय म्हणून हा धागा काढला. शब्द आहे फीलर्स. कथेच्या सुरुवातीला खिडकीच्या काचेवर एक भुंगेरा चालतोय, त्याचे फीलर्स काचेवर, हवेत, चौकटीच्या फटीत असे सारखे हलताहेत. आणि शेवटच्या पानावर त्याच खिडकीत एक बाई बसलीये, तिला नोकरी सोडायचीये पण अजून कुणाला कळू द्यायचं नाहीये, तर ती ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी फीलर्स सोडते. लेखिकेने शब्द मुद्दाम तोच ठेवलाय, सगळी कथा त्या एका शब्दावर उभी आहे असं मला वाटतं.

आता मी पहिल्या ठिकाणी शृंगिका लिहिलं आणि दुसऱ्या ठिकाणी चाचपणी, तर दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर आहेत पण धागा तुटला. भुंगेरा एकीकडे आणि बाई एकीकडे. एकच शब्द दोन्हीकडे चालेल असा मराठीत कुणाला सुचतोय का? इंग्रजी शब्द तसाच ठेवा असं प्लीज सांगू नका, तो पर्याय मी शेवटचा म्हणून ठेवलाय.

बोलीभाषा
मिशा का नाही? झुरळाच्या मिशा सगळेच म्हणतात, लहान मूलसुद्धा म्हणतं. शृंगिका फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकात.

निळीशाई
भुंगेऱ्याला मिशा चालतील, पण बाईने मिशा पुढे केल्या असं कसं लिहू? आणि ती बाई आहे म्हणूनच नाही, पुरुष असता तरी अर्थ भलताच झाला असता.

जुनावाचक
बरोबर आहे तुमचं, आणि मला वाटतं अडचणीचं मूळ इथेच आहे. मराठीत मिशी म्हटलं की ताव देणं, पीळ भरणं, म्हणजे सगळा रुबाब आणि ताठा. फीलर्स मात्र ताठ्याच्या अगदी उलट, आपल्याला अजून काही माहीत नाही म्हणून हळूच पुढे केलेलं काहीतरी.

दुसरा शब्द शिंगं. गोगलगाईच्या डोक्यावर असतात त्यांना आपण शिंगंच म्हणतो, शृंगिका म्हणजे तरी काय, लहान शिंगच. पण वाक्प्रचार बघा. शिंगं फुटणं म्हणजे मस्ती चढणं, शिंगं रोखणं म्हणजे अंगावर जायची तयारी. माणसाने शिंगं पुढे केली म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटणार भांडण सुरू झालं. म्हणजे त्या अवयवाला आपल्याकडे रोजच्या बोलण्यात दोन शब्द आहेत आणि दोन्ही माणसाला लावले की नेमका उलटा अर्थ देतात. इंग्रजीत हे झालं नाही कारण तिथे अवयवाचं नावच कामावरून पडलं, फील करतो तो फीलर. आपण नाव दिसण्यावरून ठेवलं, शिंगासारखं दिसतं म्हणून शिंग, मिशीसारखं म्हणून मिशी.

रानवाट
जुनावाचक, फार छान मांडलंत. थोडी भर घालतो. शिंगाची उपमा फक्त आपली नाही, अ‍ॅरिस्टॉटलने कीटकांच्या या अवयवाला ग्रीकमध्ये केराया म्हटलं होतं, त्याचं मूळ शिंगातच आहे. पण त्याच ग्रीक शब्दाचा आणखी एक अर्थ होता, जहाजाच्या डोलकाठीवरचं आडवं लाकूड, ज्याला शीड बांधतात. १५ व्या शतकात थिओडोरस गाझाने अ‍ॅरिस्टॉटलचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा त्याने हा शिडाच्या लाकडाचा अर्थ धरला आणि लॅटिनमध्ये त्या लाकडाला जो शब्द होता तो लिहिला, अँटेना. तिथून तो जीवशास्त्रात रुजला आणि रेडिओवाल्यांनी तो फार नंतर उचलला. म्हणजे आपण छपरावरचा अँटेना आधीचा आणि झुरळाचा नंतरचा समजतो पण क्रम उलटा आहे. आणि निळीशाई, हे सगळं एका भाषांतरकाराच्या निवडीमुळे घडलं, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटलं.

निळीशाई
हे मला माहीत नव्हतं! खूप आभार. आता तर आणखीच जपून शब्द निवडावा लागेल.

मुंगळा
कीटकांच्या बाजूने थोडं लिहितो, मी बरीच वर्षं मुंग्या बघतोय, त्यामुळे लांबेल, सांभाळून घ्या.

फीलर या नावाने एक गैरसमज होतो की हे फक्त स्पर्शाचं काम आहे. तसं नाही. कीटकाचं नाक तिथेच असतं, बऱ्याच जणांचे कानसुद्धा. डासाच्या शृंगिकेच्या बुडाशी एक फुगीर भाग असतो, त्यातल्या इंद्रियाला जॉन्स्टनचं इंद्रिय म्हणतात, १८५५ साली त्याचं वर्णन झालं. नर डासाच्या शृंगिका पिसासारख्या झुबकेदार असतात त्या मादीच्या पंखांचा आवाज टिपण्यासाठी. रेशमाच्या पतंगाचा नर मादीचा गंध शृंगिकांनीच पकडतो, आणि तो गंध म्हणजे नेमकं कोणतं रसायन हे शोधायला बुटेनांट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला साधारण २० वर्षं आणि ५ लाख माद्या लागल्या, १९५९ मध्ये ते रसायन हाती लागलं. एवढ्या माद्या गोळा केल्यावर जे चिमूटभर मिळालं ते नर पतंग आपल्या दोन शृंगिकांनी हवेतून सहज ओळखतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मुंग्यांचं तर रोज दिसतं. समोरासमोर आल्या की एकमेकींच्या अंगावरून शृंगिका फिरवतात, आपण त्याला गप्पा म्हणतो, पण ती मुळात ओळखपरेड असते, अंगावरच्या मेणासारख्या थराचा वास घेऊन ही आपल्या वारुळातली की परकी ते ठरतं. मुंगी थांबली की नीट बघा, पुढचा पाय वर करून शृंगिका त्याच्या खाचेतून ओढून घेते. त्या पायाला त्यासाठीच एक काटा आणि बारीक केसांची खाच असते. झुरळ हेच काम तोंडाने करतं, पायाने शृंगिका खाली वाकवून तोंडात धरतं आणि बुडापासून टोकापर्यंत सोडत जातं. प्रयोगात झुरळाला असं करू दिलं नाही तर शृंगिकेवर त्याच्या स्वतःच्याच अंगातून पाझरणारं मेण साचतं आणि वास कमी यायला लागतो. साफ ठेवल्याशिवाय ते चालतच नाही.

म्हणून माझं म्हणणं, फीलर म्हणजे नुसता हात नाही. तो पुढे जाऊन घेऊन येतो. शब्द निवडताना हे घेऊन येणं सुटायला नको.

बोलीभाषा
मग कानोसा घेणं हा शब्द कसा वाटतो? त्यात घेणं आहे. ती दोन-तीन ठिकाणी कानोसा घेते.

निळीशाई
सुंदर शब्द आहे आणि मी तो आधी लिहून खोडलाय. कानोसा घेताना आपण आपलं काहीच पुढे करत नाही, दाराला कान लावून गप्प उभं राहतो, समोरच्याला कळतही नाही. कथेतली बाई मात्र काहीतरी बोलते. थोडंच बोलते, पण बोलते.

अक्षता_न
खडा टाकून पाहणे? मी तर रोज वापरते, एक खडा टाकून बघू या.

जुनावाचक
खडा टाकणं मलाही आधी सुचलं होतं. अर्थ जवळचा आहे, म्हणजे लागला तर लागला. पण खडा हातातून सुटला की सुटला, तो परत घेता येत नाही, पाण्यात पडला की तरंग उठायचे ते उठणारच. फीलर मागे घेता येतो, मला तर तीच त्याची खरी ओळख वाटते.

रानवाट
हे मागे घेणं बघायचं असेल तर गोगलगाय बघावी. जमिनीवरच्या गोगलगाईला शिंगांच्या दोन जोड्या असतात, वरच्या लांब शिंगांच्या टोकाला डोळे आणि खालची आखूड जोडी जमिनीचा स्पर्श आणि वास घ्यायला. मी एकदा पावसाळ्यात काचेच्या बरणीत एक ठेवली होती आणि काचेच्या मागून भिंग लावून बघत होतो. गवताची काडी तिच्या वरच्या शिंगाला नुसती टेकवली तर शिंग आखडलं नाही, ते आतल्या आत उलटत गेलं, जसं मोज्याचं टोक आतून धरून ओढावं तसं, आणि टोकावरचा काळा ठिपका म्हणजे डोळा त्या नळीतून आत आत जाताना पारदर्शक कातडीतून दिसत होता. पाचेक सेकंद काही नाही. मग पुन्हा तसंच हळूहळू बाहेर, आधी नुसता फुगवटा, मग निम्मं शिंग, आणि सगळ्यात शेवटी डोळा टोकावर आला. तेवढ्या वेळात दुसरं शिंग पूर्ण बाहेरच होतं. सगळं एकदम मागे घेतलंच नाही तिने, ज्याला धक्का लागला तेवढंच.

पाण्यातल्या बऱ्याचशा गोगलगाईंना असं जमत नाही, त्यांना एकच जोडी असते, डोळे बुडाशी असतात आणि शिंगं अशी आत उलटत नाहीत.

अक्षता_न
ज्याला धक्का लागला तेवढंच मागे, हे काय भारी आहे. माणसंही तसंच करतात की, एकीकडून नकाराचा वास आला की तिथला विषय बंद आणि दुसरीकडे चालू.

तवारीख
राजकारणात हा शब्द याच अर्थाने चालतो, शांततेचे फीलर्स वगैरे. मागे घेता येण्यावरून दोन गोष्टी आठवल्या.

१९६९ च्या डिसेंबरात वॉर्सामध्ये युगोस्लाव फॅशनचं एक प्रदर्शन होतं. अमेरिका आणि चीनचे संबंध तेव्हा तुटलेले. अमेरिकेचे तिथले राजदूत वॉल्टर स्टोसेल यांना वरून सांगणं होतं की चिनी अधिकाऱ्यांशी बोलून बघा. कार्यक्रम संपल्यावर चिनी मंडळी यांना बघून निघून जायला लागली तर हे त्यांच्या मागे गेले आणि त्यांच्या दुभाष्याला गाठून तोंडी निरोप दिला की आमच्या अध्यक्षांना बोलणी करायची आहेत. कागद नाही, सही नाही. समोरून काही आलं नसतं तर झालंच नाही असं म्हणता आलं असतं. पुढे जुलै १९७१ मध्ये अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर गुपचूप बीजिंगला जाऊन आले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन स्वतः गेले.

दुसरी गोष्ट उलटी. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सम्राट कार्लने आपल्या मेहुण्याच्या, प्रिन्स सिक्स्टसच्या हाती फ्रान्सकडे तह होईल का याची चाचपणी केली. पण त्याने २४ मार्च १९१७ ला पत्र लिहून दिलं, त्यात जर्मनीच्या ताब्यातल्या अल्सास-लोरेन प्रांतावरचा फ्रान्सचा हक्क न्याय्य आहे असंही लिहिलं, आणि हे सगळं जर्मनीच्या पाठीमागे. वर्षभराने ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री चेर्निन जाहीर भाषणात म्हणाला की तहासाठी फ्रान्सच आमच्याकडे आला होता, तेव्हा फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसोने एप्रिल १९१८ मध्ये ते पत्रच छापून टाकलं. चेर्निनला जावं लागलं आणि कार्लची जर्मनीपुढे मान खाली गेली. फीलर कागदावर उतरला की तो फीलर राहत नाही, त्याचा खडा होतो, अक्षता म्हणतात तसा.

निळीशाई
तवारीख, खडा आणि फीलरमधला फरक इतका स्पष्ट मला चार दिवसांत झाला नव्हता.

स्पॅनर
मी गॅरेजमध्ये काम करतो, आमच्याकडे फीलर म्हणजे तिसरीच वस्तू, पण तुमच्या चर्चेला लागू पडेल असं वाटतं म्हणून लिहितोय. फीलर गेज. पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो, चाकूसारखा उघडतो, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली, साध्या संचात ०.०५ मिलिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत. व्हॉल्व्हची फट किंवा स्पार्क प्लगची फट मोजायला. नवीन पोरगा आला की त्याला वाटतं आकडा बघायचा आणि पातं घालायचं. खरं शिकायचं असतं ते वेगळंच. पातं फटीतून ओढताना हाताला किंचित ओढ लागली पाहिजे, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी. अगदी सैल गेलं तर फट मोठी, अडलं तर जोर करायचा नाही, पातं वाकतं आणि मग ते पातं कायमचं खोटं बोलतं. जोर न करता घालायचं, हाताला काय सांगतं ते ऐकायचं, आणि बाहेर काढायचं. मोजतं पातं पण कळतं हाताला.

आणि एक विनंती, मराठीत लिहिताना फीलर आणि फिलर यात गोंधळ करू नका. फिलर म्हणजे भरायचं ते, वेल्डिंगचा फिलर वेगळा. आम्ही सगळेच फिलर गेज म्हणतो बोलताना, पण दुकानात लिहून दिलं की चुकीची वस्तू हातात येते.

मुंगळा
स्पॅनर दादा, जोर न करता घालायचं आणि हाताला काय सांगतं ते ऐकायचं, हे तुम्ही शृंगिकेचंच वर्णन केलंत.

जुनावाचक
इतर भाषांचं बघितलं तर जर्मनमध्ये अगदी इंग्रजीसारखं आहे, फ्यूलर म्हणजे कीटकाचा अवयव आणि आपले फ्यूलर पसरवणं म्हणजे अंदाज घेणं. डचमध्येही तसंच, तिथे स्पर्शाची शिंगं बाहेर काढतात. आणि लॅटिनमध्ये तर याहून जुना धागा आहे, तेन्तारे म्हणजे चाचपणं, करून बघणं. त्यावरून इंग्रजीत टेंटॅकल आला, ज्याला आपल्याकडे संस्पर्शक म्हणतात, हायड्राचे वगैरे. त्याच मुळातून टेंटेटिव्हही आला, म्हणजे अजून नक्की नाही असं. प्राण्याचा स्पर्श करणारा अवयव आणि माणसाचं न ठरलेलं बोलणं, दोन्ही एकाच क्रियापदातून.

मराठीत आपण नाव शोधत बसलोय आणि मला वाटतं तिथेच चुकतंय. चाचपणं हे क्रियापद आपल्याकडे आहे आणि ते अंधारात हाताने शोधणाऱ्यालाही लागू आहे आणि मनाचा अंदाज घेणाऱ्यालाही. मन चाचपून पाहिलं, खिसा चाचपला, दोन्ही म्हणतो. मग भुंगेऱ्यानेही चाचपावं.

बोलीभाषा
चाचपडणं नको मात्र. चाचपडतो तो ज्याला काहीच सापडत नाहीये, त्यात असहायता आहे. चाचपणारा शांत असतो, त्याला काय हवंय ते माहीत असतं. एका ड ने सगळं बदलतं.

निळीशाई
बोलीभाषा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत, कारण माझ्या कच्च्या खर्ड्यात एका ठिकाणी चाचपडत असं लिहिलं गेलंय आणि त्यामुळे ती बाई बिचारी वाटतेय. ती बिचारी अजिबात नाहीये.

जुनावाचक, क्रियापदाचं पटलं. पण मग मागे घेण्याचं काय करू? चाचपण्यात पुढे जाणं आहे, हाताला लागणं आहे, मुंगळा म्हणतात तसं घेऊन येणंही आहे. परत ओढून घेणं नाही. मूळ कथेत भुंगेऱ्यासमोर काचेवर बाहेरून पाखरू आपटतं आणि तो फीलर्स मागे घेतो. आणि बाई फोनवर बोलताना समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते तेव्हा तीही बोलणं फिरवते, लेखिकेने तिथे परत तोच शब्द घातलाय.

अक्षता_न
आवरतं घेणं! मिशा आवरून घेतल्या, बोलणं आवरतं घेतलं. दोन्हीकडे आवरणं.

रानवाट
वा! पसरलेलं आवरतो आपण. आणि त्यात घाबरून पळणं नाही, नीट गोळा करून घेणं आहे. माझी बरणीतली गोगलगाय तेच करत होती.

तवारीख
अक्षता, मस्त. सूतोवाच करणं हा शब्द मी सुचवणार होतो, पण सूतोवाचात पुढे बोलणार हे गृहीत असतं, आवरतं घ्यायची सोय नाही. तुमचंच चांगलं.

मुंगळा
एक तपशील. भुंगेऱ्याच्या शृंगिका झुरळासारख्या लांब दोरीसारख्या नसतीलच असं नाही, जातीप्रमाणे करवतीसारख्या, गदेसारख्या, पंख्यासारख्या पाकळ्यांच्या, कितीतरी तऱ्हा. शेणकिड्याच्या जातीतला असेल तर टोकाला पाकळ्या असतात, त्या तो उघडतो आणि मिटतो. तसा असेल तर मिशा आवरल्यापेक्षा मिटल्या म्हणावं लागेल. कथेत त्याचं वर्णन काय आहे?

निळीशाई
लांब, शरीरापेक्षाही लांब आणि गाठीगाठींच्या असं दिलंय.

मुंगळा
मग लांब मिशांचा भुंगेरा आहे, लाकूड पोखरणाऱ्यांपैकी. तो मिटत नाही, पाठीवरून मागे वळवतो. आवरल्या अगदी बरोबर बसतंय. आणि त्याला मिशा म्हणायलाही हरकत नाही, दिसतातच तशा.

निळीशाई
आत्ताच बसून दोन्ही ठिकाणं पुन्हा लिहिली, इथे टाकते, बघा कशी वाटतात.

सुरुवातीला असं: भुंगेरा थांबला. लांब मिशांनी त्याने काच चाचपली, काचेपलीकडची नसलेली हवा चाचपली, चौकटीची फट चाचपली. बाहेरून काहीतरी काचेवर आदळलं तसं त्याने मिशा आवरून पाठीशी घेतल्या.

आणि शेवटी: तिने दोन-तीन ठिकाणी चाचपून पाहिलं. सहज म्हणून केलेला फोन, बोलता बोलता एक वाक्य. तिसऱ्या फोनवर पलीकडे क्षणभर शांतता झाली, तेव्हा तिने वाक्य तिथेच आवरतं घेतलं आणि पावसाबद्दल विचारलं.

बोलीभाषा
दुसरं वाचताना भुंगेरा आठवला मला, न सांगता. झालं काम.

जुनावाचक
काचेपलीकडची नसलेली हवा हे थोडं अडखळतंय, नसलेली काढून टाका. काच आहे म्हटल्यावर हवा लागणार नाही हे वाचणाऱ्याला कळतं. बाकी शेवटचं पावसाबद्दल विचारलं हे मुळात आहे का तुमचं?

निळीशाई
मुळातच आहे, पावसाचंच आहे. नसलेली काढलं.